हलक्या हातांच्या ताईंना

आदरणीय ताई,

तुमचं नाव कुठे यायला नको, ही तुमची अट पाळूनच हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. गणेश चवथीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि परवा चौथीच्या वर्गात मी फळ्यावर अख्खी कविता उजव्या हाताने लिहिली. मधे एकदाही हात खाली घेतला नाही. शेवटची ओळ लिहून वळले आणि पहिली आठवण तुमची झाली. तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडे उपचाराला आले तेव्हा हाच खांदा, हात फळ्याकडे नेला की 'टक्' करून पुढे यायचा, आणि मुलांकडे पाठ करून मी तो जागेवर बसायची वाट बघायची.

आमच्या गोव्यातल्या म्हार्दोळच्या घरात माझं 'रबराचं अंग' हा कौतुकाचा विषय होता. पाहुणे आले की अंगठा मनगटाला टेकवून दाखव म्हणायचे. पंधराव्या वर्षी चवथीला फुगडी घालताना खांदा पहिल्यांदा निसटला. आजीने खोबरेल लावून शेकला, दुसऱ्या दिवशी मी परत फुगडीत. पुढे घोटे मुरगळू लागले, आदोळीवर, म्हणजे विळीवर, नारळ खवताना अंगठा सरकू लागला, बाळंतपणानंतर खुबेही दुखू लागले. एक्स-रे साफ, रक्त साफ. "रिपोर्ट चांगले आहेत, तुम्ही फार विचार करता," हे मी तीन ठिकाणी ऐकलं. तिसऱ्या ठिकाणाहून परतताना बसमध्ये मला खरंच वाटलं, की हे दुखणं माझ्या मनानेच उभं केलं असेल.

मग मालीश झालं. मानेतल्या गाठी मोडायला हव्यात म्हणून एकाने अर्धा तास अंगठे रुतवले. त्या रात्री बरं वाटलं; सकाळी डोकं उशीवरून उचलेना आणि दंडावर बोटांचे काळेनिळे वळ. दुसऱ्याने मान कडकन फिरवली, त्यानंतर दोन आठवडे चक्कर. तुम्हाला हे सांगताना मी रडत होते. तुम्ही सगळं लिहून घेतलंत आणि विचारलंत, "आज मी हात लावलेला चालेल? नको असेल तर नुसतं बोलू." इतकी वर्षं इतक्या जणांनी मला तपासलं, दाबलं, वळवलं, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

त्या दिवशी तुम्ही सांधे किती लवचीक आहेत ते मोजणारी बायटन चाचणी घेतलीत. करंगळ्या मागे किती वळतात, अंगठे हाताला टेकतात का, कोपरं आणि गुडघे सरळ रेषेच्या पलीकडे जातात का, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला लागतात का. नऊपैकी माझे सात आले. तरी आजाराचं नाव तुम्ही घेतलं नाहीत. लवचीक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे म्हणालात आणि संधिवाताच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिलीत. त्यांनी त्वचा पाहिली, घरच्यांची चौकशी केली, हृदयाचा इको करायला लावला, रक्तवाहिन्यांना धोका असलेला प्रकार हा नाही याची खात्री करून घेतली आणि मगच सांगितलं: हायपरमोबाइल एहलर्स-डॅन्लॉस सिंड्रोम, म्हणजे सांधे जन्मापासूनच फार सैल असण्याचा आजार. तिथली अवघड भाषा मला सोपी करून तुम्हीच सांगितलीत. 2017 च्या वर्गीकरणात याचे 13 प्रकार आहेत आणि माझ्या प्रकाराचं जनुक अजून हाती लागलेलं नाही, म्हणून रक्ताच्या तपासणीत तो सापडत नाही. डेन्मार्कच्या एहलर्सनी 1901 मध्ये आणि फ्रान्सच्या डॅन्लॉसनी 1908 मध्ये असे रुग्ण नोंदवले होते, हेही तुमच्याकडूनच कळलं. माझ्या आजीच्या जन्माआधीपासून डॉक्टर हे ओळखून आहेत! त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी शांत झोपले.

पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती तुमची पहाऱ्याची गोष्ट. हाडाला हाड बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल असले की सांधा सांभाळायचं काम स्नायूंवर पडतं आणि ते रात्रंदिवस आवळून बसतात. "तुमच्या मानेतल्या गाठी म्हणजे पहाऱ्यावरची माणसं आहेत. बदली माणूस आल्याशिवाय त्यांना घरी धाडलं तर दार उघडं पडेल." जोरकस मालीशनंतर मान का कोसळली, ते मला त्या क्षणी कळलं.

मग तुम्ही मला कुशीवर झोपवलंत. कोपराखाली घडी घातलेला टॉवेल, गुडघ्यांमध्ये उशी. एकही सांधा लोंबकळता ठेवला नाहीत. एक तळवा खांद्याच्या पुढून, दुसरा मागून फऱ्याच्या हाडाखाली. पपई पिकली का ते बघताना हात लावतो ना, तेवढाच दाब. आणि थांबलात. मला वाटत होतं, सुरुवात कधी होणार? तीन-चार मिनिटांनी हाडाखाली काहीतरी हळूच सैलावलं आणि माझा श्वास पोटापर्यंत गेला. लगेच तुम्ही म्हणालात, "आता माझ्या हाताला अगदी हलकं ढकला. पाच आकडे मोजेपर्यंत." सैल पडलेल्या जागेला ताबडतोब कामाला लावायचं, हीच तुमची रीत. ताणायला कधीच सांगितलं नाहीत. हात जातोय म्हणून शेवटपर्यंत न्यायचा नाही, अलीकडेच थांबायचं.

डोळे मिटून कोपर किती वाकलंय ते सांगा म्हणालात, तेव्हा मी साफ चुकले. आपला सांधा नेमका कुठे आहे, याची खबर मेंदूला नीट पोचत नाही, म्हणून मी दारांच्या चौकटींना धडकत होते. लहानपणापासून त्यासाठी मी धांदरट म्हणून बोलणी खाल्ली आहेत. तुमचा तळवा जिथे टेकला असेल, तिथलं शरीर मला कळायला लागलं.

अंगावरची चिकटपट्टी काढण्याचंही सांगायला हवं. माझी कातडी लगेच सोलवटते. तुम्ही पट्टीच्या कडेला खोबरेल सोडून दहा मिनिटं थांबलात, बाहेर दोन पेशंट बसलेले असताना.

शाळेत प्रार्थनेला उभं राहिलं की अंधारी यायची, तेही तुमच्याच लक्षात आलं. पडून नाडी 74, उभी राहिल्यावर दहा मिनिटांत 112, रक्तदाब होता तेवढाच. डॉक्टरांना विचारून आता सकाळी मीठ जास्त घातलेली पेज घेते आणि पाण्याची बाटली जवळ ठेवते.

आणि तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत. हातांनी कोलॅजन, म्हणजे अस्थिबंध ज्याचे बनतात ते प्रथिन, बदलत नाही, हात लावून मिळतो तो थोडा आराम, तोही व्यायाम करता यावा एवढ्यासाठी, हे पहिल्याच महिन्यात सांगितलंत. भिंतीला तळवा टेकून दाबायचं, गुडघा मागे न लॉक करता उभं राहायचं, हे रोज घरी मलाच करायचं होतं. मी दर आठवड्याला आनंदाने आले असते. तुम्हीच आठ महिन्यांनी मला दीड महिन्यातून एकदा यायला सांगितलंत. तुमच्या जागी असं किती जण करतील मला माहीत नाही.

माझ्या आठ वर्षांच्या मुलीचाही अंगठा मनगटाला टेकतो. तुम्ही तिला तपासून, दुखत नाही तर खेळू द्या, पोहू द्या म्हणालात. पाहुण्यांसमोर करून दाखवायला मात्र आम्ही तिला सांगत नाही. यंदा चवथीला ती आणि मी एकाच फुगडीत होतो. तुम्ही शिकवलंत तसं बोटं न गुंतवता मनगटाच्या वर धरायचं, कोपर किंचित वाकलेलं. चार फेरे झाले आणि मी आपणहून बाजूला झाले.

खांदा अजूनही महिन्या-दोन महिन्यांतून एकदा निसटतो. मी बसते, कोपराखाली उशी घेते, श्वास सोडत थांबते. तो परत जातो.

गुरुवारी बोरीच्या पुलावरून येणाऱ्या दुपारच्या बसने येते. नेवऱ्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या करंज्यांचा, डबा आणते आहे. त्यातलं खोबरं मी आदोळीवर बसून स्वतः खवलंय.

तुमची,
म्हार्दोळची शिक्षिका