शिवण शिकवली, कटिंग राहिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिला प्रशिक्षण वर्गाच्या समारोपाचे फोटो आपल्या जिल्हा पानावर नेहमी येतात. रांगेत उभ्या बायका, हातात प्रमाणपत्रं, मधोमध पाहुणे. त्यानंतर वर्षभरात या बायकांचं काय झालं, याची बातमी मात्र कधी वाचल्याचं आठवत नाही. मी एका बचत गटाचं दप्तर लिहिते. कुणी कशासाठी कर्ज उचललं आणि ते कशातून फेडलं, हे मला वहीत दिसतं. म्हणून हे पत्र.

आमच्या गटातल्या सात जणींनी शिवणकामाचा वर्ग केला आणि मशीनसाठी गटातूनच अंतर्गत कर्ज घेतलं. हप्ते वेळेवर आले, पण ते शिवणातून नव्हे, शेतमजुरीतून. असं का, तर सातही जणींचं उत्तर एकच होतं. वर्गाचे बरेचसे दिवस सरळ टीप मारण्यात गेले आणि कटिंग शेवटच्या दोन-तीन दिवसांत उरकलं. आता ब्लाउजपीस समोर आला की कात्री चालत नाही. गिऱ्हाइकाचं कापड वाया गेलं तर भरून कोण देणार? मग या फॉल-पिको करतात, उसवलेलं शिवून देतात, आणि गावातले ब्लाउज शिवायला जातात तालुक्याच्या टेलरकडे. शिवणकामात पैसा कटिंगला असतो, हे कुठलाही टेलर सांगेल. नुसती टीप मारणं ही मजुरीच, फक्त सावलीत बसून केलेली.

राज्याच्या पातळीवरही यापेक्षा वेगळं घडलं नाही. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून शाळांचे गणवेश शिवायचं काम महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे ‘माविम’मार्फत बचत गटांना मिळालं. बायकांना हक्काचं काम मिळावं हा विचार चांगलाच होता. पण कापड आधीच कापून यायचं आणि बायकांनी ते जोडायचं. समोरच्या पोराचं माप घेऊन कापायची सोयच त्यात नव्हती. गणवेश उशिरा पोचले, अंगाला बसत नाहीत अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षासाठी काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. कात्री बायकांच्या हातात कधी नव्हतीच, बोल मात्र त्यांच्या शिवणीला लागला.

बरं, शिवणच का? शिवण, पार्लर, पापड-लोणची यापुढे यादी सरकत नाही. माझ्या मते कारण साधं आहे. ही कामं घरात बसून होतात, त्यामुळे घरचे हरकत घेत नाहीत आणि उद्दिष्टाचा आकडा लवकर पुरा होतो. गावाला काय लागतं, हे मात्र कुणी विचारत नाही. विहिरीवरची मोटार जळली की तालुक्याहून माणूस येईपर्यंत पाणी बंद. ठिबकच्या नळ्या तुंबल्या तरी तीच गत. हे काम बाईला का शिकवू नये? पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे आकाराला आलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय पुढे राज्यातल्या अनेक शाळांत गेला. त्यात आठवी ते दहावीच्या मुली मुलांच्या बरोबरीने वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, गावातली खरी कामं घेऊन त्याचा खर्च काढतात. दहावीपर्यंत लोखंड कापलेल्या मुलीला पुढे ‘मुलींसाठी योग्य’ म्हणून पुन्हा सुई-दोराच दाखवायचा, याला काय म्हणावं?

शिकायला बायका तयार नसतात, हे तर मला मुळीच पटत नाही. माण तालुक्यातल्या म्हसवडचं उदाहरण सर्वांना माहीत आहे. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला, कारण अर्जदारांतल्या बऱ्याच जणी अंगठेबहाद्दर होत्या. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. व्याजाचा हिशेब त्यांना आधीही तोंडी येत होता. बँक आपली होणार हे दिसलं, म्हणून त्या पाटी घेऊन बसल्या. आमच्या वर्गात मात्र हिशेबाचा तास नव्हता. एका ब्लाउजला अस्तर, दोरा, वीज आणि आपला वेळ धरून काय पडतं, हे सातांपैकी एकीलाही मांडता येत नव्हतं. मी बसून मांडून दाखवलं तेव्हा कळलं, की दोघी आजवर तोट्यात शिवत होत्या.

जाता जाता एक सांगते. शेतीची अवजारं, ठिबक यांच्या अनुदानाला अर्ज करायचा तर जमीन आपल्या नावावर लागते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेती कसणाऱ्या खातेदारांत बायका जेमतेम १४ टक्के होत्या. पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी आपल्याकडे १९९२ पासून ‘लक्ष्मी मुक्ती’ योजना आहे, पण तलाठी कार्यालयात तिची आठवण करून देणारं कुणी नसतं. शेतीचं प्रशिक्षण पुरुषांना आणि शिवण बायकांना, याचं मूळ मला इथेही दिसतं.

प्रशिक्षण देणाऱ्यांकडे माझं मागणं फार नाही. वर्गाचा विषय ठरवण्याआधी महिला ग्रामसभेत विचारा. निम्मे दिवस कटिंगला, निदान दोन दिवस भाव ठरवायला ठेवा. आणि आपल्याकडे, संपादक महोदय, एकच विनंती: समारोपाचा फोटो छापलात की वर्षाने त्याच बायकांकडे पुन्हा बातमीदार पाठवा.

आमच्या सात जणींनी आता वर्गणी काढून एका वयस्कर टेलरना दर रविवारी फक्त कटिंग शिकवायला बोलावलं आहे. सराव वर्तमानपत्राच्या कागदावर चालतो. गेल्या रविवारी समारोपाचा फोटो असलेलं आपलंच पान बाहीच्या कटिंगला गेलं. माझा एक ब्लाउजपीसही मी देऊन ठेवला आहे, बिघडला तर बिघडला.

आपली,
बचत गटाचं दप्तर लिहिणारी एक वाचक