बीरला निघण्याआधी

भुसावळ
कोजागिरीनंतरचा रविवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

पॅराग्लायडिंगची वापरलेली विंग, म्हणजे तो कापडी पंख, स्वस्तात मिळतेय, दिवाळी झाली की तीच घेऊन हिमाचलातल्या बीरला उडायला जाते, असं तू काल म्हणालीस. मी ‘बरं’ म्हणून फोन आईकडे दिला. रात्री झोप येईना, म्हणून लिहायला बसलो.

जाऊ नको म्हणत नाही. कामशेतचा तुझा उडतानाचा व्हिडिओ अख्ख्या कॉलनीला दाखवलाय मी. आजीला मात्र अजून काही सांगितलेलं नाही.

विंगचा तपासणीचा कागद आधी माग. उन्हानं कापड विरतं, त्यातून हवा जायला लागते. लाइनी, म्हणजे विंगच्या दोऱ्या, कुठे आखडतात, कुठे ताणतात. डोळ्यांना ते कळत नाही, मोजावंच लागतं. ‘ए’ वर्गाची, म्हणजे शिकाऊंसाठीची सगळ्यांत सोपी विंग घे, फार तर सोपी ‘बी’. तुझ्या सरांचाही तोच शब्द आहे. विंगवर लिहिलेलं वजन एकट्या तुझं नसतं. हार्नेस म्हणजे तो पट्ट्यांचा साज, रिझर्व्ह म्हणजे अडचणीतलं पॅराशूट, हेल्मेट, खुद्द विंग, पाण्याची बाटली, सगळं धरून असतं. दिवाळीला आलीस की ते सगळं घेऊन मामाच्या आडतीवरच्या काट्यावर उभी राहा. हलकी पडलीस तर खवळलेल्या हवेत विंग लवकर मिटते, जड पडलीस तर उतरताना वेग आवरत नाही. रिझर्व्ह शेवटचं कधी उघडून बांधलं तेही विचार. फार दिवस दाबून राहिलेलं कापड वेळेला झटकन उमलत नाही.

आणि मांडीचे पट्टे. छातीचा पट्टा लागला की हार्नेस अंगावर बसल्यासारखा वाटतो, उभं असताना काही फरक जाणवत नाही. पाय जमिनीवरून सुटल्यावर कळतं की माणूस काखेत लटकलाय. चांगली अनुभवी माणसं यात गेलीत. हल्ली छातीचे आणि मांडीचे पट्टे एकमेकांत गुंफलेले हार्नेस येतात, तसलाच घे. चार पैसे जास्त गेले तर मी देतो.

फार बोललो का? रागावू नकोस. रेल्वेच्या सी अँड डब्ल्यूमध्ये, डबे-वाघिणी तपासण्यात, जन्म गेला माझा. हातोडी घेऊन गाडीखाली वाकलेलं असताना कुणी चहाला हाक मारली, तर परत आल्यावर तो डबा मी पुन्हा पहिल्या चाकापासून बघायचो. चूक तिथेच राहते, काम मध्ये तुटलं तिथे. तूही टेकऑफवर फोटोसाठी, पाण्यासाठी पट्टे सोडलेस तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. नुसतं बघून नाही, हात लावून.

लहानपणी माझा डबा घेऊन यायचीस आणि यार्डाच्या पुलावर घारी बघत बसायचीस. पंख न हलवता त्या वर कशा जातात, म्हणून मला छळायचीस. मला उत्तर येत नव्हतं. आता तू मला थर्मल समजावून सांगतेस, आपल्या भुसावळच्या उन्हानं तापून वर चढणारी हवाच ती. तू सांगत असताना मी काही बोलत नाही, पण फार बरं वाटतं गं.

आईने बिबडे वाळवून ठेवलेत. पैसे देण्याआधी विंगच्या तपासणीच्या कागदाचा फोटो पाठव. बीरला टेकऑफवर तुझ्याबरोबर कोण असेल त्याचं नाव आणि नंबरही कळव. धावायच्या आधी तुझे मांडीचे पट्टे बघ, एवढं मी त्याला स्वतः फोन करून सांगणार आहे.

तुझे पप्पा