चांदीतील कवटी : सरसकट विरोध नको, पण पारख हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इतवारीच्या सराफा ओळीपासून सीताबर्डी आणि धरमपेठेतील दुकानांपर्यंत, नागपुरात चांदीच्या दागिन्यांमध्ये कवटीची नक्षी अलीकडे ठळकपणे दिसू लागली आहे. अंगठी, कडे, लॉकेट, कानातली बाळी असे सगळे प्रकार मिळतात. तरुण मुले-मुली हौसेने ते घेतात आणि घरातील वडीलधारी मंडळी अशुभ म्हणून उतरवायला लावतात. दुकानदार म्हणतात की हे बाहेरचे खूळ आहे, गिऱ्हाईक मागते म्हणून ठेवतो. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या मला या तिन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. कवटीच्या नक्षीमागे दोन अगदी वेगळ्या परंपरा आहेत आणि त्यांपैकी दुसऱ्या परंपरेतील एक अंगठी तर या शहरातील कोणत्याही दुकानात असू नये, असे माझे ठाम मत आहे. ते सांगण्यासाठीच हे पत्र.

पहिली परंपरा आपल्याला मुळीच परकी नाही. चोळकालीन कांस्य नटराजाच्या जटेत चंद्रकोर आणि गंगेबरोबर कवटीही असते. ब्रह्मदेवाचे पाचवे मस्तक तोडणाऱ्या भैरवाच्या हाताला ती कवटी चिकटली आणि काशीत कपालमोचनाला येऊन गळाली, ही कथा पुराणांत आहे. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात, म्हणजे 21 क्रमांकाच्या लेण्यात, सप्तमातृकांच्या सान्निध्यात काल आणि काली यांच्या हाडांचे सापळे झालेल्या मूर्ती कोरलेल्या आहेत आणि शेकडो वर्षे भाविकांनी त्या पाहिल्या आहेत. आपल्याच विदर्भात, गोंदिया जिल्ह्यात, नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिबेटी बौद्ध परंपरेत महाकालाच्या मुकुटावर पाच कवट्या असतात आणि त्या मनातील पाच विषांचे पाच ज्ञानांत झालेले रूपांतर दाखवतात. पूजेतील कपालपात्राला तर चांदीची किंवा तांब्याची जडवणूक केलेली असते. ज्या घरात मुंडमाळ घातलेल्या कालीची तसबीर आहे, त्या घरात मुलाच्या बोटातील कवटीला अभद्र ठरवणे मला सुसंगत वाटत नाही.

युरोपातही सोळाव्या-सतराव्या शतकांत लोक कवटी कोरलेल्या अंगठ्या घालत. आपल्यालाही एक दिवस जायचे आहे, याची आठवण हाताशी राहावी, हा त्यामागचा हेतू होता. पुढे मृत आप्ताचे नाव आणि मृत्यूची तारीख कोरलेल्या शोकाच्या अंगठ्या रूढ झाल्या. 1649 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाल्यावर त्याच्या निष्ठावंतांनी अशा अंगठ्या आणि लॉकेटे जवळ बाळगली. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मृतांचा सण साखरेच्या रंगीत कवट्या मांडून साजरा होतो आणि तेथील चांदीकामातही ही हसरी कवटी दिसते. आज जगभर लोकप्रिय असलेली कवटीची जाड अंगठी ज्या एका दागिन्यामुळे गाजली, ती लंडनच्या डेव्हिड कोर्ट्स आणि बिल हॅकेट या कारागिरांनी 1978 मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ या रॉक बँडचे गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांच्यासाठी चांदीतच घडवली होती. कातडीखाली आपण सगळे सारखेच, असा तिचा अर्थ रिचर्ड्स स्वतः सांगत आले आहेत.

ही नक्षी चांदीतच का खुलते, याचेही कारण आहे. गंधकाच्या संयुगाने चांदी काळी पडते. मग उजाळा दिला की कपाळ आणि गालाची हाडे चमकतात, पण डोळ्यांच्या खोबणीत आणि दातांच्या फटींत काळेपणा टिकून राहतो. सोन्यावर असा काळा धरत नाही. मेणाचा नमुना करून ओतलेल्या अंगठीत चांगला कारागीर जबड्याचा सांधा आणि कवटीवरील शिवणीसुद्धा दाखवतो. या कामात कौशल्य आहे आणि त्याला योग्य मजुरी मिळाली पाहिजे.

दुसऱ्या परंपरेत मात्र कवटी घालणारा मरणाचे बोट समोरच्याकडे रोखतो. 1741 पासून प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या एका घोडदळ पलटणीच्या टोपीवर ती होती. ब्रिटिशांच्या सतराव्या लान्सर्स पलटणीचा बिल्लाही कवटी आणि आडव्या हाडांचा होता आणि 1858 मध्ये तात्या टोपे यांच्या पाठलागावर असलेल्या फौजांत हीच पलटण होती. ही खूण परमोच्च क्रौर्याला पोहोचली ती नाझी जर्मनीत. हिटलरचा सहकारी हिमलर याच्या एसएस या निमलष्करी संघटनेने कवटी आपल्या टोपीवर घेतली. छळछावण्यांवर पहारा देणाऱ्या तिच्या दलाचे तर नावच कवटीवरून होते आणि गणवेशाच्या कॉलरवरही कवटी होती. या संघटनेत अधिकारी होण्यासाठी 1750 पर्यंतच्या पूर्वजांत ज्यू रक्त नसल्याचे दाखवावे लागे. 1934 पासून हिमलर आपल्या निवडक माणसांना कवटीची चांदीची अंगठी बहाल करत असे. आतल्या बाजूस घेणाऱ्याचे नाव, तारीख आणि हिमलरची सही कोरलेली असे. सुमारे साडेचौदा हजार अंगठ्या वाटल्या गेल्या आणि 1944 मध्ये त्या घडवणे थांबले.

या अंगठीच्या नकला आज इंटरनेटवर ‘जर्मन रिंग’ किंवा ‘बायकर रिंग’ अशा निरुपद्रवी नावांनी सर्रास मिळतात. एका दुकानात मी स्वतः ती इतर अंगठ्यांच्या ओळीत मांडलेली पाहिली. दुकानदाराला विचारले तेव्हा त्याला तिच्याविषयी काहीही माहीत नव्हते आणि मी सांगितल्यावर त्याने ती लगेच बाजूला काढली. त्यात दुष्ट हेतू नव्हता. माहिती नव्हती, एवढेच. आपल्याकडे फसगत होण्याचे आणखी एक कारण आहे. त्या अंगठीवर स्वस्तिकही असते, कोनावर उभे केलेले, आणि आपला मुलगा ते घरच्या उंबऱ्यावरचे शुभचिन्ह समजून निर्धास्तपणे बोटात घालतो. आत 925 चा शिक्का असला की माल खरा, असेही तो मानतो. पण तो शिक्का चांदीची शुद्धता सांगतो, नक्षीचे मूळ सांगत नाही.

14 ऑक्टोबर 1956 रोजी याच शहरात लाखो लोकांनी जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था नाकारली. त्या नागपुरात, रक्ताच्या शुद्धतेच्या नावाखाली लाखो ज्यूंना ठार मारणाऱ्यांची अंगठी केवळ अज्ञानामुळे मिरवली जावी, याचे मला मनापासून दुःख होते. व्यावहारिक धोकाही आहे. विदर्भातील अनेक मुले उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जातात. तेथे दंडसंहितेच्या कलम 86अ नुसार नाझी चिन्हे सार्वजनिक ठिकाणी मिरवणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून सराफ बांधवांना माझी विनंती आहे की, ही एक अंगठी त्यांनी मागवू नये आणि आधीच आणली असेल तर विकू नये. ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत : भोवती ओकच्या पानांचे कडे, समोर कवटी आणि आडवी हाडे, आणि बाजूंना त्रिकोण, चौकोन, षटकोन यांत कोरलेली विजेसारखी व काटेरी अक्षरचिन्हे. पालकांनीही कवटी दिसताच रागावण्याऐवजी ती अंगठी हातात घेऊन या खुणा आहेत का, एवढे पाहावे. नसतील तर मुलांना ती खुशाल घालू द्यावी. आपल्या वृत्तपत्राने या खुणांचे स्पष्ट रेखाचित्र, शक्य झाल्यास धनत्रयोदशीच्या खरेदीपूर्वी, एकदा छापावे, ही आपणास नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
महाल, नागपूर