लक्ष्मी रस्त्याचा पैसा लक्ष्मी रस्त्यावरच लागावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लक्ष्मी रस्त्यावर साडीच्या दुकानात गल्ल्यावर बसून मला चौतीस वर्षं झाली. गेल्या लग्नसराईत सोलापूरकडचं एक कुटुंब बस्त्याला आलं होतं. शालू बघता बघता नवरीच्या आईने माझ्या पत्नीला हळूच विचारलं, "ताई, इथं बाथरूम कुठं आहे हो?" पत्नीने त्यांना दोन जिने चढवून आमच्या घरी नेलं. पण सगळ्यांच्या दुकानावर घर नसतं. बस्त्याला चार-पाच तास लागतात. याच अडचणीपायी अर्ध्यावर उठून गेलेली गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत. म्हणून रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांकडून थोडी पट्टी घ्यावी आणि तो पैसा याच रस्त्याच्या सोयींवर लावावा, असं मला वाटतं.

११ डिसेंबर २०२१ ला, पादचारी दिनी, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा रस्ता वाहनांना बंद होता. नातवाचा हात धरून एक आजी भर रस्त्यातून रमतगमत आल्या नि आमच्या काचेसमोर चांगल्या दहा मिनिटं उभ्या राहिल्या. एरवी तिथं उभं राहायची सोय नाही. सप्टेंबर २०२४ पासून मंडईला भुयारी मेट्रोही आली. आता गाडी न काढता गिऱ्हाईक येऊ शकतं. पण जिना चढून वर आल्यावर त्याला मोकळा पदपथ आणि टेकायला बाक नको का?

कॅनडातल्या टोरांटो शहरात ब्लूर स्ट्रीटवरच्या दुकानदारांवरही गिऱ्हाईक टिकवण्यासाठी धडपडायची वेळ आली होती. १९६८ मध्ये तिथं भुयारी रेल्वे पोचली, ट्राम गेली आणि रोज दारावरून जाणारं गिऱ्हाईक जमिनीखालून जाऊ लागलं. त्यात मॉलची भर. व्यापाऱ्यांनी सरकारकडून कायदा करून घेतला आणि १९७० मध्ये 'ब्लूर वेस्ट व्हिलेज' हे जगातलं पहिलं व्यापारी सुधारणा क्षेत्र उभं राहिलं. हद्द आखली गेली. तिच्यातल्या प्रत्येक व्यावसायिक मिळकतीवर जादा पट्टी बसली. ती महापालिका मिळकतकराबरोबर वसूल करते आणि व्यापाऱ्यांच्या मंडळाकडे सोपवते. त्यातून दिवे, झाडं, बाकं, सजावट होते. आज एकट्या टोरांटोत अशी ऐंशीहून जास्त क्षेत्रं आहेत.

यातला 'प्रत्येक' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. दिवाळीच्या रोषणाईची वर्गणी मी सात वर्षं गोळा केली आहे. पावतीपुस्तक घेऊन गेलं की निम्म्या ठिकाणी एकच उत्तर: "शेठ बाहेर गेलेत, उद्या या." माळा मात्र त्यांच्याही दारावर लागतात. दोन वर्षं असं झालं की देणाराही हात आखडता घेतो.

आपल्याकडे हे करताना दोन गोष्टी आधीच ठरवाव्या लागतील. इथं कितीतरी दुकानं पागडीची, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्याने घेतलेली आहेत. पट्टी मालकाने भरायची की भाडेकरूने, हे कायद्यातच लिहिलेलं हवं. आणि मंडळावर पथारीवाले हवेतच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा त्यांना दिल्या आहेत. आमच्यातल्या काहींना मंडळ हवं आहे ते पथारी हटवण्यासाठी. मला ते मान्य नाही. बांगड्या, पिना, रुमाल घ्यायला आलेली बाईच पुढे साडीच्या दुकानात शिरते.

राज्य सरकारने महापालिका अधिनियमात अशी तरतूद करावी आणि पहिला प्रयोग आमच्या रस्त्यावर करावा. पट्टी भरायला मी तयार आहे. पहिल्या वर्षीच्या पैशातून बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं, दुकानं बंद होईपर्यंत उघडं राहणारं स्वच्छतागृह बांधावं.

आपला,
एक साडीविक्रेता, लक्ष्मी रस्ता, पुणे