‘९६ टाके घ्या’ एवढ्यावर टोपी होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून लोकरीच्या टोप्यांच्या कृती छापून येऊ लागतात. त्या यायलाच हव्यात. विणकाम नव्याने शिकणाऱ्यासाठी टोपीइतकी चांगली पहिली वस्तू दुसरी नाही. मफलर घेतला तर दीड मीटर तेच ते विणत बसावे लागते आणि कितीतरी मफलर अर्ध्यावरच सुयांसकट पिशवीत जाऊन पडतात. टोपीत मात्र टाके घालणे, सुलट-उलट, टाके कमी करणे आणि शिवण हे सगळे एका गुंड्यात हाताखालून जाते.

तक्रार आहे ती या कृती ज्या पद्धतीने छापल्या जातात तिच्याबद्दल. ‘९६ टाके घ्या, इतके सेंमी विणा, मग टाके कमी करा’, संपले. लोकर किती जाड, सुई किती मिलिमीटरची आणि मुख्य म्हणजे १० सेंमी रुंदीत किती टाके बसायला हवेत, याचा कुठे पत्ताच नसतो. अख्खी टोपी या शेवटच्या आकड्यावर उभी असते. १० सेंमीत २० टाके बसत असतील तर ९६ टाक्यांचा घेर ४८ सेंमी होतो आणि ती टोपी मोठ्या माणसाला नीट बसते. हात घट्ट असला आणि २२ टाके बसले, तर घेर साडेत्रेचाळीसवर येतो आणि टोपी लहान मुलाची होते. हात सैल असला, १८च बसले, तर ५३ सेंमीच्या पुढे जातो आणि टोपी डोळ्यांवर घसरते. टाके तेवढेच, लोकर तीच, पण टोपीत जवळजवळ १० सेंमीचा फरक. नवशिक्याला वाटते आपल्या हातालाच वळण नाही. हाताचा त्यात काही दोष नसतो, कृती अपुरी असते.

म्हणून विनंती अशी की कृतीच्या सुरुवातीला चार गोष्टी छापाव्यात: तयार टोपीचा घेर, लोकरीची जाडी (१०० ग्रॅममध्ये किती मीटर), सुईचे माप मिलिमीटरमध्ये आणि १० सेंमीत किती टाके, किती ओळी. ‘८ नंबरची सुई’ असे मोघम लिहू नये. जुन्या ब्रिटिश मापात ८ नंबर म्हणजे ४ मिमी आणि नंबर वाढेल तशी सुई बारीक होत जाते, १० नंबर सव्वातीन मिमीची. अमेरिकन मापात नेमके उलटे, तिथे ८ नंबर म्हणजे ५ मिमी. एक मिलिमीटरचा फरक टोपीला पुरेसा महाग पडतो.

विणणाऱ्यानेही नमुन्याचा तुकडा टाळू नये. ३० टाके घालून १२-१३ सेंमी विणावे, टोपी जशी धुणार तसा तो तुकडा धुवावा, सपाट पसरून वाळवावा आणि मग मधल्या भागात पट्टी ठेवून १० सेंमीत किती टाके येतात ते मोजावे. अर्धा टाका आला तर अर्धाच धरावा. कडेला मोजू नये, कारण कडेचे टाके वळतात आणि माप खोटे येते. टाके जास्त भरले तर अर्धा मिमी जाड सुई घ्यावी, कमी भरले तर अर्धा मिमी बारीक. मुद्दाम घट्ट किंवा सैल विणायचा प्रयत्न मात्र करू नये. दहा मिनिटे तो हात टिकतो, मग मूळ सवय परत येते आणि टोपीवर पट्टे दिसतात.

पहिल्या टोपीला मध्यम जाड, १०० ग्रॅममध्ये साधारण २०० मीटर भरणारी, एकरंगी, फिकट आणि गुळगुळीत लोकर घ्यावी. एवढ्यात मोठ्या माणसाची एक टोपी होते. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाका दिसतच नाही आणि केसाळ लोकर उसवताना तंतू एकमेकांत गुंततात. सुती धागा ताणला की ताणलेलाच राहतो, त्याची टोपी चार दिवसांत ढगळ होते. सुया लाकडी किंवा बांबूच्या असल्या तर टाके घसरत नाहीत. नव्या हाताला हा आधार मोठा आहे.

आता माप. भुवयांच्या वरून, कानांना टेकून डोक्याचा घेर घ्यावा. टोपी त्याहून पाच ते आठ सेंमी कमी असावी, कारण विणलेले कापड ताणते आणि त्या ताणावरच टोपी डोक्यावर टिकते. ५६ सेंमी डोक्याला ४८ ते ५१ सेंमी घेर चालतो. सेंमीला दोन टाके या हिशेबाने ९६ ते १०२ टाके येतात, त्यातला ८ ने भाग जाणारा आकडा धरावा, कारण वरच्या घुमटात दर वेळी आठ ठिकाणी टाके कमी होतात: ९६. दोन सुयांवर सपाट विणून शिवायची असेल तर शिवणीसाठी २ टाके वाढवावेत, म्हणजे ९८. हा अधिकचा जोड कृतींमध्ये नेहमी गाळला जातो आणि मग कडेची पट्टी शिवणीपाशी तुटलेली दिसते.

दोन पदरी पद्धतीने (एक पदर गुंड्याचा, दुसरा धाग्याच्या मोकळ्या शेपटीचा) टाके घालताना शेपटीचा धागा कमी पडणे हा नेहमीचा वैताग. सुईवर १० वेढे घेऊन तेवढा धागा मोजावा, त्याच्या दहापट धागा सोडावा आणि वर दोन वीत जास्तीचा ठेवावा. टाके ५ मिमीच्या सुईवरच घालावेत, दोन टाक्यांत किंचित मोकळी जागा राहू द्यावी. घट्ट घातलेल्या टाक्यांचा काठ कपाळावर वळ उठवतो, आणि तो पुढे काही केल्या सैल होत नाही.

नंतर ४ मिमीच्या सुया घेऊन काठ विणावा: २ सुलट, २ उलट असे करत शेवटी २ सुलट. परतीच्या ओळीत २ उलट, २ सुलट, शेवटी २ उलट. सुईखाली डोकावून पाहावे. ज्या टाक्याच्या पायथ्याशी ‘व्ही’ दिसतो तो सुलट, ज्याच्या गळ्यात आडवी गाठ दिसते तो उलट. समोर दिसतो तसाच तो विणायचा. ही नजर एकदा बसली की ओळीत आपण कुठे आहोत हे लक्षात ठेवावे लागत नाही.

या काठावर नवशिक्यांचे टाके वाढतात. ९८चे १०४ होतात आणि अधूनमधून भोके पडतात. सुलटाकडून उलटाकडे जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा असतो. तो सुईवरून पुढे आणला की सुईवर एक फुकटचा वेढा बसतो आणि पुढच्या ओळीत तोच टाका म्हणून विणला जातो. दुसरी जागा ओळीच्या सुरुवातीची. तिथे धागा सुईवरून मागे ओढला गेला तर पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात आणि एकाचे दोन टाके दिसतात. धागा खाली लोंबू द्यावा, मग पहिला टाका एकटाच उभा दिसतो. निदान काठ होईपर्यंत दर दोन ओळींनी टाके मोजावेत.

काठ ५ सेंमी झाला की ५ मिमीच्या सुयांवर यावे आणि सुलट बाजूला सगळे सुलट, मागच्या बाजूला सगळे उलट विणत जावे. असे विणलेले कापड कडेला गुंडाळते, म्हणूनच खाली काठ लागतो. लांबी मोजताना विणकाम मांडीवर ताणून धरू नये, टेबलावर सपाट ठेवावे. टाके घातलेल्या कडेपासून, काठ धरून, एकूण साडेतेरा सेंमी झाले की थांबावे. काठ दुमडायचा असेल तर तो १० सेंमीचा करावा आणि एकूण साडेअठरापर्यंत जावे. ‘अजून उंची कमी दिसते’ म्हणून नवे हात इथे पुढे विणत राहतात. वरचा घुमट स्वतःच आठेक सेंमी उंची देणार असतो हे त्यांना कृतीने सांगितलेले नसते, आणि टोपीला टोक येते.

घुमट असा: सुलट बाजूला १ सुलट, मग (१० सुलट, २ टाके एकत्र सुलट) असे आठ वेळा, शेवटी १ सुलट. परतीची ओळ साधी उलट. पुढच्या सुलट ओळीत कंसात ९ सुलट, मग ८, मग ७, असे उतरत जायचे. दोन कडेचे टाके शेवटपर्यंत तसेच राहतात. प्रत्येक वेळी आठ टाके कमी होतात, म्हणून सुईवरचा हिशेब ९८, ९०, ८२, ७४, ६६, ५८, ५०, ४२, ३४, २६, १८, १० असा चालतो. हे आकडे कृतीत जरूर छापावेत. ७४ ऐवजी ७५ दिसले तर चूक त्याच ओळीत सापडते, नाही तर ती घुमटभर पसरते. १० सेंमीत २७ ओळी बसत असतील तर या २२ ओळींची उंची ८ सेंमीच्या आसपास भरते.

घुमटाला हात घालण्यापूर्वी वेगळ्या रंगाचा बारीक धागा बोथट सुईने सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवावा. काही बिघडले तर तिथपर्यंत बिनधास्त उसवता येते. उसवल्यावर टाके सुईवर परत घेताना प्रत्येक टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढे हवा. तो मागे गेला तर टाका पिळलेला विणला जातो आणि त्या उभ्या रांगेत वीण घट्ट होते. एखादा टाका सुटून खाली ओघळला तर त्याला घाबरू नये. क्रोशाची सुई समोरून त्या टाक्यात घालावी आणि वर शिडीसारख्या दिसणाऱ्या आडव्या धाग्यांची एकेक पायरी त्यातून ओढून घेत वर यावे. फक्त सर्वांत खालची पायरी आधी घ्यायची, क्रम चुकवायचा नाही.

१० टाके उरले की ५० सेंमी धागा ठेवून कापावा, तो बोथट सुईने सर्व टाक्यांतून दोनदा फिरवावा आणि हळूहळू आवळावा. एकदाच फिरवला तर वापरात मधोमध भोक उघडते. त्याच धाग्याने शिवण घालावी. दोन्ही कडा सुलट बाजू वर करून शेजारी ठेवाव्यात. कडेचा पहिला आणि दुसरा टाका यांच्यामध्ये आडव्या बारीक दोऱ्या दिसतात, एकदा इकडची आणि एकदा तिकडची दोरी उचलत जावे, आणि चार सेंमी झाले की धागा अलगद ओढावा. दोन्हीकडचा एकेक टाका आत वळतो, उरलेला इकडचा एक आणि तिकडचा एक सुलट मिळून २ सुलट होतात, आणि काठाची रांग अखंड दिसते. वाढवलेले २ टाके इथे कामी येतात. काठ दुमडायचा असेल तर दुमडीचा भाग उलट बाजूने शिवावा, म्हणजे शिवण बाहेर दिसत नाही.

गोल सुईवर विणले तर शिवणच नको आणि टाके ९६ पुरतात. त्यासाठी ४० सेंमीची गोल सुई घ्यावी. घुमटात टाके तिच्यावर पुरेनासे झाले की दोन्ही तोंडांच्या सुयांवर यावे लागते. जोडताना टाक्यांचा काठ सुईभोवती पिळलेला नाही ना, सगळ्या गाठी खालीच आहेत ना, हे बोट फिरवून पाहावे. पिळा घेऊन दोन-चार फेऱ्या झाल्या तर उसवण्याशिवाय उपाय नाही. सोपी वाट अशी की पहिल्या दोन ओळी सपाट विणाव्यात आणि मग जोडावे. पट्टी रुंद झाल्यामुळे पिळा लगेच दिसतो, आणि राहिलेली फट शेपटीच्या धाग्याने शिवता येते. इथे सगळ्या फेऱ्या सुलटच असल्याने काहींचा हात सपाट विणीपेक्षा घट्ट पडतो, म्हणून नमुनाही गोलच विणावा.

धुण्याबद्दल कृतीत एक ओळ असावी. मेंढीची लोकर गरम पाण्यात चोळली की आटून जाड नमदा होते. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरली तर वीण लुळी पडते आणि तिचा ताण कायमचा जातो.

बाळाच्या टोपीसाठी वेगळी सूचना छापावी, आणि ती ठळक छापावी. गोंडा, बटण, लांब बंद लावू नयेत. ओढल्यावर गोंड्याचे धागे सुटतात आणि ते तोंडात जातात. धाग्यांची टोके आतल्या बाजूने दोन दिशांना ओवून संपवावीत, मोकळी गाठ ठेवू नये. आणि झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या डोक्यावर टोपी ठेवू नये. बाळाच्या अंगातली जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यावाटे बाहेर पडते आणि टोपी तोंडावर घसरण्याचीही भीती असते.

आपली,
एक वाचक