मालवण बंदरातल्या हरवलेल्या जाळ्यांचे काय?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबरचा तिसरा शनिवार आला की किनारा स्वच्छता दिन होतो, गोण्या भरून प्लास्टिक निघते, फोटो छापून येतात. काम चांगलेच आहे. पण मालवण बंदराला त्याहून मोठा त्रास आहे तो खडपांवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवर, अडकून पडलेल्या जाळ्यांचा, आणि सप्टेंबरच्या गढूळ पाण्यात ती दिसतही नाहीत.

नायलॉन पाण्यापेक्षा जड. जाळे तुटले की तळाशी बसते आणि वर्षानुवर्षे कुजत नाही. वरच्या दोरीचे बोये शाबूत असतील तर उभे राहून मासे धरतच राहते. माशांच्या वजनाने आडवे होते, मासे कुजून गेले की पुन्हा उभे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या प्रवाळांवर पडलेले जाळे लाटेगणिक घासत असते. गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते.

त्यामुळे होडीवरून गळ टाकून जाळे ओढणे हा सर्वांत वाईट उपाय. जाळ्याबरोबर प्रवाळही उपटून येते. हे काम पाण्यात उतरूनच करावे लागते, तेही पाऊस सरून पाणी निवळल्यावर, भरती-ओहोटी लहान असते त्या भांगाच्या दिवसांत, अष्टमी-नवमीच्या आसपास, म्हणजे पाण्याची ओढ कमी असते. पाणबुडे जोडीने उतरावेत. प्रत्येकाकडे बोथट टोकाची कात्री आणि एक जादा सुरी हवी, कारण जाळ्यात अडकलेल्या माणसाची एकुलती सुरी हातातून सुटली तर पुढचे सांगायला नको. ओघाच्या वरच्या अंगाला राहून कापत जावे, म्हणजे सुटलेले जाळे आपल्यापासून दूर वाहते. प्रवाळ ज्या तुकड्यावर वाढले आहे तो तुकडा तसाच सोडून भोवतीने कापावे. उचलायला हवेची पिशवी वापरतात. एक लिटर हवा साधारण किलोभर वजन उचलते. पण दहा मीटरवरून वर येईपर्यंत तीच हवा दुप्पट फुगते. म्हणून पिशवी अर्धीच भरावी, हवा सोडायची झडप आधी तपासावी आणि पिशवी स्वतःला कधीच बांधू नये.

वर आलेले जाळे ओले असतानाच होडीत झटकले तर खेकडे-शिंपले जिवंत परत जातात. किनाऱ्यावर शिसे, बोये आणि दोर वेगळे करावेत. सरमिसळ ढीग पुनर्वापरवाले घेत नाहीत आणि मग तो कुणीतरी पेटवून देतो.

यात मच्छीमाराला आरोपी करू नये. जाळे महाग असते, हौसेने कुणी टाकून देत नाही. खडपाला अडकते, रात्री ट्रॉलर कापून नेतो. संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळे कापले तर राज्य सरकार 2018 पासून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देते. हरवल्या जाळ्याची जागा लगेच कळवणाऱ्यालाही काही रक्कम मिळाली तर मोबाइलवरचे ठिकाण त्याच दिवशी मच्छीमार सोसायटीच्या वहीत येईल. आज जागा कळते ती महिन्यांनी, तोवर उधाणाने जाळे भलतीकडे गेलेले असते.

दुसरी गोष्ट नांगरांची. स्नॉर्कलिंगच्या होड्या खडपांजवळ नांगर टाकतात. त्याऐवजी वाळूच्या पट्ट्यात जड काँक्रीटचा ठोकळा टाकून त्यावर कायमचा बोया ठेवता येतो. दोराचा खालचा भाग तरंगणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनचा हवा, म्हणजे तळाला घासत नाही. वरचा बुडणाऱ्या नायलॉनचा, म्हणजे होडीच्या पंख्यात जात नाही. हे उलटे झाले तर बोया बसवून नुकसानच. ठोकळा राहू द्यावा, पण दोर आणि बोया मेअखेर काढून घ्यावेत, नाहीतर पहिल्या वादळात हरवलेल्या दोरांत त्याचीच भर पडेल.

1987 पासून इथे सागरी अभयारण्य आहे, तेव्हा या दोन्ही कामांना वनखात्याची परवानगी लागते. ती प्रत्येक वेळी नव्याने मागायला न लावता सोसायटी, स्कूबावाले आणि मत्स्यव्यवसाय खाते यांना मिळून पूर्ण हंगामाची एकच द्यावी. अर्ज दिवाळीआधी निकाली निघाला, तरच डिसेंबरचे स्वच्छ पाणी हाती लागेल.

आपले,
मालवणमधील काही वाचक