के-४ची चाचणी झाली, पण निकाल काय लागला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२७ नोव्हेंबर २०२४ ला 'आयएनएस अरिघात' या आपल्या अणुपाणबुडीतून के-४ क्षेपणास्त्र डागलं गेलं, तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळतेय म्हणून हे पत्र. त्या चाचणीनंतर संरक्षण मंत्रालयाने साधं दोन ओळींचं पत्रकही काढलं नाही, बातम्या आल्या त्या सगळ्या 'सूत्रांच्या' हवाल्याने, आणि काही दिवसांनी नौदलप्रमुखांना पत्रकार परिषदेत विचारलं गेलं तेव्हा चाचणी झाली हो, निष्कर्ष संबंधित संस्था तपासताहेत इतकंच उत्तर मिळालं. टीव्हीवर मात्र आदल्याच दिवसांत बीजिंग टप्प्यात, अमुक शहर टप्प्यात असे नकाशे फिरून झाले होते.

मला या कामाबद्दल मनापासून अभिमान आहे हे आधीच सांगतो. जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडणं आणि पाण्याखालून सोडणं यात फार फरक आहे. के-४ साधारण १२ मीटर लांब आणि १७ टन वजनाचं, ते पाण्याखाली असलेल्या पाणबुडीच्या नळीतून गॅसच्या दाबाने वर ढकलायचं, पाण्यातून सरळ बाहेर काढायचं आणि मग इंजिन पेटवायचं, त्यात ते कललं किंवा इंजिन पेटलंच नाही तर तेवढा डोलारा परत पाणबुडीच्याच आसपास कोसळणार. शिवाय १७ टन वजन एका झटक्यात गेलं की पाणबुडीचा तोल बदलतो. खाली जीपीएस चालत नाही, म्हणजे आपण नेमके कुठे आहोत हे पाणबुडीलाच आपल्या आतल्या यंत्रणेवरून माहीत असावं लागतं, तिथे चूक झाली की ती चूक पार लक्ष्यापर्यंत जाते. आणि हे सगळं ज्या पाणबुडीतून करायचं तिची अणुभट्टी आपल्या तुर्भ्याच्या बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) डिझाइन केलेली, गिअरबॉक्स आपल्या वालचंदनगरचा. मराठी पेपरात याबद्दल अजून किती तरी यायला हवं.

के-४ का महत्त्वाचं तेही सांगतो. अरिहंत ही आपली पहिली स्वदेशी अणुपाणबुडी २०१६ ला नौदलात आली तेव्हा तिच्यासाठी होतं ते के-१५, पल्ला जेमतेम ७५० किमी. कराचीपासून इस्लामाबाद सरळ रेषेत मोजलं तरी अकराशे किमीच्या वर भरतं, म्हणजे के-१५ घेऊन शत्रूच्या किनाऱ्याला पार चिकटून उभं राहिलं तरी पुरत नाही, आणि चीनचा तर विषयच नाही. के-४ चा पल्ला ३५०० किमी, त्यामुळे पाणबुडी बंगालच्या उपसागरात आपल्याच पाण्याजवळ लपून राहू शकते. आपलं धोरण पहिला अणुहल्ला करायचा नाही असं आहे, २००३ पासून ते अधिकृतपणे जाहीर आहे. मग पहिला घाव आपण सोसायचा आणि तरीही उत्तर द्यायची ताकद शिल्लक राहिली पाहिजे, विमानतळ आणि लाँचर उपग्रहातून दिसतात, पाणबुडी दिसत नाही. सगळं धोरण शेवटी या एका नळीतून क्षेपणास्त्र नीट बाहेर पडतं की नाही यावर येऊन ठेपतं.

म्हणूनच निकाल सांगितला पाहिजे असं मला वाटतं. समोरच्याला धाक वाटायला हवा असेल तर आपलं शस्त्र चालतं हे त्याला पटलं पाहिजे ना? गुप्ततेचं कारण मला पटत नाही, कारण चाचणीआधी विमानांना आणि जहाजांना सूचना काढून समुद्राचा केवढा पट्टा बंद ठेवलाय ते आपणच जगाला कळवतो, चीनची क्षेपणास्त्रांचा माग काढणारी जहाजं हिंद महासागरात येऊन जातात. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना बरंच कळतं आणि अंधारात राहतो तो इथला नागरिक.

फसलेली चाचणी सांगायला लाजायचं कारण नाही. ब्रिटनचं ट्रायडंट क्षेपणास्त्र जानेवारी २०२४ मध्ये फ्लोरिडाजवळ पाणबुडीतून बाहेर पडून जवळच समुद्रात पडलं, तेव्हा संरक्षणमंत्री स्वतः पाणबुडीवर होते, बातमी फुटल्यावर त्यांना संसदेत निवेदन द्यावं लागलं. त्याआधी जून २०१६ ला ब्रिटनचीच चाचणी फसली होती, ती दडवून ठेवली, पुढच्याच महिन्यात संसदेने नव्या अणुपाणबुड्यांच्या बाजूने मतदान केलं आणि सहा महिन्यांनी खरं बाहेर आल्यावर केवढा गदारोळ झाला. रशियाचं 'बुलावा' क्षेपणास्त्र तर सुरुवातीला इतक्या वेळा फसलं, डिसेंबर २००९ मध्ये नॉर्वेच्या आकाशात त्याची पांढरी भोवऱ्यासारखी वेटोळी सगळ्यांनी पाहिली, दुसऱ्या दिवशी रशियाने बिघाड मान्य केला, चाचण्या चालूच ठेवल्या, आणि आज तेच क्षेपणास्त्र त्यांच्या पाणबुड्यांवर आहे.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. १४ ऑक्टोबर २०२२ ला अरिहंतवरून चाचणी झाली तेव्हा सरकारने रीतसर पत्रक काढलं होतं, क्षेपणास्त्राचं नाव दिलं नव्हतं, पल्ला दिला नव्हता, पण ठरलेल्या जागी अचूक पडलं एवढं सांगितलं होतं. माझं म्हणणं तेवढंच आहे, इतकं तरी दर वेळी सांगा, चांगलं झालं तरी आणि फसलं तरी. डिझाइनचे तपशील कुणी मागत नाहीये.

आपल्या पेपरला विनंती, दिल्लीतल्या आपल्या प्रतिनिधीने मंत्रालयाला हा प्रश्न लेखी विचारावा, आणि राज्यातल्या एखाद्या खासदाराने, पक्ष कुठलाही असो, तो लोकसभेत मांडावा.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली